पाचवी शेणी

“कागद कुठं हाय?” आप्पांनी विचारलं.

कागद त्यांच्या नाकासमोर होता. पन्नास मीटरवर, मातीच्या बांधाला टेकून उभ्या केलेल्या चौकटीवर, पांढराशुभ्र, मधोमध काळा गोल. त्या सकाळी आमच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, त्याच्याइतकं ठळक दुसरं काही नव्हतं.

“समोर बघा आप्पा. बांधाच्या पोटाशी,” मी म्हणाले.

त्यांनी जाड भिंगांचा चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा चढवला. “हां, त्यो व्हय! मला वाटलं, कुनी धोतर वाळत घातलंय.”

मागे बाकावर बसलेले सुभेदार नागोजी देसाई खदखदून हसले. फौजदार शेळके हसले नाहीत. त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

हे २०११ च्या ऑक्टोबरातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात शस्त्रांचं काम माझ्याकडे होतं. ठाण्याची शस्त्रं साफ ठेवायची, चांदमारीवर बंदोबस्त लावायचा आणि परवानाधारकांच्या जमा झालेल्या बंदुका सांभाळायच्या. पोलीस क्रीडा स्पर्धेत मी रायफलमध्ये राज्यात तिसरी आले होते. पदक टेबलाच्या खणात असायचं आणि खण बहुतेक उघडा असायचा.

शेजारच्या तालुक्यात एका म्हाताऱ्यानं रानडुक्कर समजून शेजाऱ्याची म्हैस मारली होती. त्यावरून शेळकेसाहेबांनी नवा नियम काढला. पासष्टीच्या वरच्या परवानाधारकानं आधी चांदमारीवर पाच फैरी झाडायच्या. पाचपैकी चार काळ्या गोलात गेल्या तरच ठाणं नूतनीकरणाची शिफारस करणार. अंतर किती, गोल केवढा, हे मी ठरवलं होतं. मला जे अंतर आणि जो गोल माहीत होता, तोच मी लिहिला.

त्या दिवशी दोघेच आले होते. एकाच गावचे, बांधाला बांध लागलेले, आणि आलेही एकाच मोपेडवर. सुभेदार सहासष्ट वर्षांचे. पलटणीतून निवृत्त, ताठ कणा, मिशा वळवलेल्या, परवान्यावर एकनळी शिकारी रायफल. रवळू आप्पा गावडे एकाहत्तरचे. अंगात सदरा, डोक्याला पटका, परवान्यावर दुनळी बारा बोअरची बंदूक. जंगलाला लागून त्यांचं अडीच एकर घनसाळ जातीचं भात होतं. शेतीच्या राखणीसाठीच त्यांना परवाना मिळालेला. त्याची मुदत संपली म्हणून बंदूक तीन आठवड्यांपासून माझ्या खोलीत होती.

“तीन आठवडं डुकरं रोज येत्यात,” आप्पा मला सकाळी म्हणाले होते. “डबा वाजवतो, फटाकं लावतो. त्यास्नी सवय झालीया. भात आता दुधात हाय, पोरी. दिवाळीपतोर बंदूक न्हाई आली तर कापायला विळा न्यायचा न्हाई, नुसतं बगाया जायाचं.”

पहिली पाळी सुभेदारांची होती. पालथे पडले, दस्ता खांद्यात रुतवला, श्वास सोडला, थांबले. पाच फैरी, पाच मिनिटं. मी जाऊन पाहिलं. पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

“मॅडम, म्हातारपणामुळं जरा पांगलंय,” सुभेदार म्हणाले.

मग आप्पा. ते पालथे पडायला तयारच झाले नाहीत. “निजून डुकरं हाकलायची का काय?” उभ्यानं, बंदूक वर घेतली न घेतली तोच धाडकन बार. पुन्हा बार. नळ्या उघडल्या, काडतुसं बदलली, पुन्हा दोन, मग एक. सगळं मिनिटभरात आटोपलं.

मी कागद मोजला. काडतुसात मोठे सहा छरे, म्हणजे पाच काडतुसांत तीस. कागदावर सात. काळ्या गोलात दोन.

“ही बंदूक न्हवं, फवारणीचा पंप हाय!” सुभेदार ओरडले.

“आनि तुझी रायफल म्हंजे पोस्टाचं कार्ड,” आप्पांनी तिथल्या तिथे परतवलं. “पत्ता चुकला की दुसऱ्याच गावात पोचतंय.”

“सात छरे, त्यातले दोन आत,” शेळके म्हणाले. “नलवडे, लिहून घ्या.”

नलवडे म्हणजे मी. मी लिहायला घेतलं आणि थांबले. आकडा बरोबर होता, पण तो आकडा काय सांगत होता ते बरोबर नव्हतं.

“साहेब, एक सांगू? रायफलच्या नळीत पीळ असतो. गोळी एकच असते, फिरत जाते, म्हणून सरळ जाते. ही नळी आतून गुळगुळीत आहे. छरे निघाले की पसरणारच. पन्नास मीटरवर या गोलात चार फैरी मीही बसवू शकणार नाही.”

“मग परीक्षा अशी का ठेवली?”

“मी ठेवली. माझी चूक झाली.”

शेळके सुभेदारांकडे वळले. “तुम्ही सांगा. तुमचं आयुष्य यात गेलंय.”

सुभेदारांची थट्टा तिथे संपली. “साहेब, हे म्हंजे पैलवानाला विहिरीत ढकलायचं आणि पोहता आलं न्हाई म्हणून चितपट झाला म्हणायचं. लांबचं, एका जागी थांबलेलं असंल तर रायफल. जवळचं, पळणारं असंल तर ही. पलटणीत घराघरात शिरायचा सराव असायचा, तवा मीसुद्धा हीच मागून घ्यायचो. रायफलची गोळी विटांच्या भिंतीतनं पलीकडं निजलेल्या माणसाला लागंल. छरा भिंतीतच बसतोय.”

“आनि डुक्कर,” आप्पा म्हणाले, “पन्नास मीटरवर बोर्ड लावून कवा हुबं ऱ्हायलंय का? ते बांधावरनं हूं म्हनून सुटतंय, रेल्वेगत.”

शेळके विचारात पडले. माणूस कडक होता, पण त्याला समजावता यायचं. “ठीक आहे. पळणारं काहीतरी दाखवा. पाचपैकी चार लागले पाहिजेत, त्यात सूट नाही.”

पळणारं काय आणायचं? आमचा शिपाई मगदूम जवळच्या वस्तीवर गेला आणि पाटीभर शेण्या घेऊन आला. गोवऱ्यांना आमच्याकडे शेणी म्हणतात. ताटाएवढ्या, कडक वाळलेल्या.

“मालकीण म्हंत्या, फुटलेल्या परत आना,” मगदूमनं सांगितलं. “चुलीला चालत्यात.”

सकाळचं ऊन बांधाच्या वरून थेट डोळ्यात येत होतं. म्हणून मी सगळ्यांना डावीकडे वळवलं, झुडपांच्या माळाकडे तोंड करून. मगदूमला दगडाच्या आडोशाला बसवलं. हाक दिली की त्यानं शेणी ताट भिरकावल्यासारखी माळाच्या दिशेनं उडवायची.

“आधी मी,” सुभेदार म्हणाले. “काय अवघड हाय बघूया. मॅडम, माझ्या रायफलनंच मारतो.”

“उडत्या वस्तूवर रायफल नाही,” मी म्हणाले. “गोळी तीन किलोमीटर जाईल.”

“पोस्टाचं कार्ड!” आप्पा आनंदानं म्हणाले आणि आपली बंदूक त्यांच्या हातात दिली. पिशवीत त्यांच्याकडे बारीक छऱ्यांची काडतुसं होती.

सुभेदारांनी दोन शेण्यांवर दोन बार काढले. दोन्ही शेण्या अखंड खाली आल्या. मग मला राहवलं नाही. मी बंदूक घेतली, डावा डोळा मिटला, शेणी नळीच्या टोकावर धरली आणि हळुवार चाप ओढला. शेणी हसत गेली असं म्हणायला हरकत नाही. दुसरीही तशीच.

“पोरी, तू थांबतीस,” आप्पा म्हणाले. “चाप वडताना तुझी बंदूक थांबली. शेनी कुटं थांबलीया? ती फुडं गेली. तिच्यासंगं जायाचं, तिच्या फुडं जायाचं, आनि जाता जाता बार. आनि त्यो डोळा कशाला मिटतीस? देवानं दोन दिल्यात.”

“माझा राज्यात तिसरा नंबर आहे, आप्पा.”

“आसंल की. शेनीला ठावं न्हाई.”

मगदूम आडोशामागे हसून हसून खोकायला लागला.

मग आप्पा उभे राहिले. पाय जरा फाकलेले, बंदूक कमरेशी आडवी. “सोड!”

पहिली शेणी वर गेली आणि हवेतच तिचा भुगा झाला. भुगा वाऱ्यानं आमच्याच अंगावर आला. शेळके टोपी झटकत होते, तेवढ्यात दुसरी फुटली. तिसरी दोन तुकडे होऊन पडली. ज्या माणसाला पन्नास मीटरवरचा कागद धोतर वाटला होता, तो हलणाऱ्या शेणीवर असा वळत होता की बंदूक आणि माणूस वेगळे दिसत नव्हते. चौथी चुकली. मगदूमच्या हातून ती खालून गेली, पण तक्रार कोणी केली नाही.

“तीन,” शेळके म्हणाले. “शेवटची लागलीच पाहिजे.”

सुभेदार बाकावरून उठून उभे राहिले. “रवळ्या, नीट रं.”

“सोड!”

पाचवी शेणी सगळ्यांत चांगली उडाली. उंच, संथ, माळाच्या मधोमध. बंदूक तिच्याबरोबर वर आली, वळली, तिच्या पुढे गेली. मी बार ऐकायच्या तयारीत खांदे आवळले. बार झालाच नाही. आप्पांनी बंदूक खाली घेतली. शेणी झुडपात जाऊन पडली. त्यांनी नळ्या उघडल्या, काडतूस काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“अरं मार की!” सुभेदार ओरडले, पण उशीर झाला होता.

“तीन,” शेळके म्हणाले. “संपलं.”

तेव्हा समोरच्या झुडपातून, आमच्यापासून साठ पावलांवर, डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई उभी राहिली.

“बार काढून झालं का वो?” तिनं हाक मारली. “जाऊ का आता?”

ती वस्तीवरची हौसाबाई होती. पहिल्या बारापासून आडवाटेनं येत होती, बार झाला की खाली बसत होती, थांबला की पुढे सरकत होती.

मी बांधाच्या मागच्या टेकडीकडे पाहिलं. तिथे दोन शिपाई लाल झेंडे घेऊन सकाळपासून उभे होते, जिथे रायफलची गोळी गेली असती तिथे. मी सगळ्यांना डावीकडे वळवलं आणि झेंडे तिथेच ठेवले. माळावर पहाऱ्याला एकही माणूस नव्हता. मी स्वतः त्या दिशेला दोन बार काढले होते.

शेळकेसाहेबांनी जागच्या जागी चांदमारी बंद केली. एकही फैर आता नाही. ठाण्यात आल्यावर मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“शेण्यांची भानगड लिहायची नाही. आपल्या नियमात कागदाची चाचणी आहे, ती झाली. आप्पांचे गोलात दोन. शिफारस नाही. दुसरं काही झालंच नाही.”

“साहेब, मग त्यांची बंदूक जाईल.”

“आणि लिहिलं तर तुमच्यावर येईल. पहारा कोणाकडे होता?”

“माझ्याकडे.”

“परवानगी कोणी दिली? मी. बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे, नलवडे. माझंही आहे.” ते पाणी प्यायले. “एक तास देतो. अहवाल आणा.”

मी खोलीत येऊन बसले. आप्पांची बंदूक समोर खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती. मी कागद घेतला आणि सगळं लिहिलं. पहिली चाचणी, तिच्यात माझी काय चूक. दुसरी चाचणी, दिशा बदलली, पहारा बदलला नाही. तीन शेण्या लागल्या, एक चुकली, पाचव्या वेळी बार काढला नाही, त्यामुळे एका स्त्रीचा जीव वाचला. जोडीला आप्पांचा जबाब तयार केला आणि बाहेर थांबलेल्या आप्पांना आणि सुभेदारांना आत बोलावलं. जबाब ज्याचा त्याला वाचून दाखवायचा आणि बरोबर आहे म्हणून सही घ्यायची, अशी आमची पद्धत आहे.

मी वाचलं, “पाचव्या वेळी मला समोरच्या झुडपात एक स्त्री दिसली, म्हणून मी बंदूक खाली घेतली.”

“हे खोटं हाय,” आप्पा म्हणाले.

“काय खोटं आहे?”

“बाई म्या बगितलीच न्हाई. ती हुबी ऱ्हायली तवा बगितली, तुमच्यासंगंच.”

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. “अरं लेका, सही ठोक आणि गप्प बस! एवढं चांगलं लिवलंय पोरीनं. नजर चांगली हाय म्हनून दिसली, असंच वाटंल त्यास्नी.”

“पर दिसली न्हाई तर दिसली कसं म्हनू?”

दार उघडंच होतं. शेळकेसाहेब अहवाल मागायला आले होते आणि उंबऱ्यातच थांबले होते. “दिसली नाही, तर बंदूक खाली का घेतली?”

“टिटवी उठली, साहेब.”

“टिटवी?”

“झुडपातनं. वरडत उठली. तिच्या बुडाखाली कायतरी आल्याबिगर ती तशी उठत न्हाई. आता कुत्रं असंल, म्हस असंल, मानूस असंल. मला काय ठावं? ठावं न्हाई तिकडं बार काढायचा न्हाई. एवढंच.”

“आणि नुसता साप असता तर? मुंगूस असतं तर?” शेळकेसाहेबांचा आवाज चढला. “शेवटची शेणी होती. लागली असती तर चार झाल्या असत्या. तुमची बंदूक उगाच गेली असती.”

“गेली असती,” आप्पा म्हणाले. “भात फुडल्या साली परत लावता येतंय, साहेब.”

बाहेर कोणाचातरी बिनतारी संच खरखरत होता. सुभेदार खिडकीबाहेर पाहत मिशा चाचपत होते. मी जबाबाचा कागद फाडला आणि दुसरा घेतला. आप्पा बोलले तसंच लिहिलं, टिटवीसकट. वाचून दाखवलं. त्यांनी मोठ्या अक्षरात सावकाश सही केली, ‘रवळू’ची रेघ कागदाबाहेर टेबलावर गेली.

शेळकेसाहेब माझ्या खुर्चीवर बसले आणि अहवाल पहिल्यापासून वाचला.

“पहारा हलवला नाही, हे तुम्ही लिहिलंय.”

“हो.”

“मी तोंडी परवानगी दिली, हेही लिहिलंय.”

“दिली होती साहेब.”

“दिली होती,” ते म्हणाले. त्यांनी माझंच पेन उचललं. खाली लिहिलं, ‘परवाना नूतनीकरणास शिफारस आहे’, आणि सही केली. मग थोडा विचार करून आणखी एक ओळ घातली, ‘पन्नास मीटरची अट बारा बोअरला लागू करू नये.’ उठताना आप्पांना म्हणाले, “टिटवीचाही जबाब घ्यायला पाहिजे होता.”

“ती काय सापडायची न्हाई,” आप्पा गंभीरपणे म्हणाले. “लई लांब गेली.”

बारा दिवसांनी वरून आदेश आले. परवाना तीन वर्षांसाठी मंजूर. मला आणि शेळकेसाहेबांना एकेक लेखी ताकीद. माझी बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. नंतर मी बऱ्याच ठाण्यांत काम केलं, बऱ्याच पोरांना रायफल शिकवली. त्यांना मी आधी झेंडे मोजायला लावते, मग बंदुकीला हात लावू देते.

आप्पा बंदूक न्यायला दिवाळीच्या चार दिवस आधी आले. सुभेदार बाहेर मोपेड सुरू ठेवून हॉर्न वाजवत होते. मी बंदूक खुंटीवरून काढली. त्यांच्या डोळ्यांदेखत नळ्या उघडल्या, उजेडाकडे धरून दोन्ही मोकळ्या असल्याचं दाखवलं, मिटली आणि त्यांच्या हातात दिली. आप्पांनी ती घेतली, लगेच पुन्हा उघडली, चष्मा कपाळावर सरकवून एक नळी पाहिली, मग दुसरी.

“आत्ताच तुमच्यासमोर बघितली की मी,” मी म्हणाले. “माझ्यावर विश्वास नाही होय?”

“हाय की पोरी,” आप्पा म्हणाले आणि उघडीच बंदूक हातावर टाकून दाराकडे निघाले. “म्हनून तर एकदाच बगितली.”